दिवे विझले, तिथे डोंगर होता

16 मार्च 1991, रात्रीचे पावणेदोन. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोजवळच्या ब्राउन फील्ड विमानतळावरून एक छोटं जेट उडालं. त्यात गायिका रीबा मॅकएन्टायर यांच्या वाद्यवृंदातले कलाकार होते. काही मिनिटांतच ते ओटाय डोंगराच्या माथ्याजवळ आदळलं. दहाच्या दहा जण गेले. 24 ऑक्टोबर 2004 ला मध्यरात्र उलटल्यावर एक लिअरजेट हवाई रुग्णवाहिका त्याच विमानतळावरून अल्बुकर्कीला परत निघाली. तीही याच डोंगरावर आदळली. त्यात पाच जण गेले.

दोन्ही विमानं शेवटच्या क्षणापर्यंत वैमानिकांच्या पूर्ण ताब्यात होती. अशा अपघाताला विमानक्षेत्रात 'कंट्रोल्ड फ्लाइट इनटू टेरेन' म्हणतात. साडेतीन हजार फुटांचा डोंगर समोर असून दिसला कसा नाही?

उत्तर आधी डोळ्यात शोधावं लागतं. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर शंकूपेशी दाटीने असतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी त्या मध्याच्या बाहेर असतात. म्हणजे काळोखात ज्याच्याकडे रोखून पाहावं, नेमकं तेच हरवतं. देवयानी दीर्घिका शोधणाऱ्या आकाशप्रेमींना हे ठाऊक असतं. ते नजर जराशी बाजूला ठेवतात. दंडपेशी अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, आणि कॉकपिटमधला एखादा प्रखर दिवा ती कमाई क्षणात घालवतो.

पण मला त्याहून घातक वाटते ती दिव्यांनी दिलेली खात्री. दूरच्या शहराचे दिवे लखलखत असतात, त्यामुळे 'सगळं स्वच्छ दिसतंय' असं मन सांगतं. दिसत असतात ते फक्त दिवे. झाडीने झाकलेल्या, निर्जन डोंगरावर एकही दिवा नसतो. आकाशही काळं, डोंगरही काळा. 1991 ची ती रात्र तर अमावास्येची होती. डोंगराची खूण एकच असते: मघाशी दिसणारे दिवे खालून एकेक करून नाहीसे होऊ लागतात. घाटातून रात्रीच्या एसटीने जाताना खालच्या गावाचे दिवे असे कड्याआड जाताना आपण पाहतो. ताशी तीन-चारशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला ते उमजेपर्यंत हातात सेकंदच उरतात.

मग ते आणखी वर का गेले नाहीत? चौकशी अहवालांतला हा भाग वाचताना जीव कासावीस होतो, कारण दोघांच्याही डोक्यावर एक छत होतं. पहिल्या वैमानिकाला वरच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात परवानगीविना शिरायचं नव्हतं, म्हणून त्याने खालूनच जायचं ठरवलं. दुसऱ्यांच्या वर ढग होते. उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी हवेत गेल्यावर मिळेल, या हिशोबाने ते निघाले. नियंत्रकाने दिलेली दिशा डोंगराकडे नेणारी होती. जमिनीवरच्या संगणकाने विमान फार खाली असल्याचा इशारा दिला, पण तो वैमानिकांपर्यंत पोहोचवला गेला नाही. चौकशीत वैमानिकांच्या थकव्याचीही नोंद झाली.

या आंधळेपणावरचं यंत्र दुसऱ्या अपघाताच्या वेळी तयार होतं. डॉन बेटमन या अभियंत्याने आयुष्य खर्ची घालून जमिनीची पूर्वसूचना देणारी प्रणाली घडवली. तिच्या सुधारित आवृत्तीत भूपृष्ठाचा नकाशाच साठवलेला असतो. उपग्रहांवरून कळलेलं विमानाचं स्थान ती त्या नकाशाशी ताडून पाहते आणि डोंगर वाटेत येण्याआधीच बोलू लागते, "टेरेन, टेरेन!" अमेरिकेत सहा किंवा अधिक प्रवासी आसनांच्या जेट आणि टर्बोप्रॉप विमानांना अशी प्रणाली बसवायला मार्च 2005 पर्यंतची मुदत होती. ती लिअरजेट पाच महिने आधी उडाली, प्रणालीविना. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना तर ही सक्ती नव्हतीच.

त्यांच्या वैमानिकाकडे उरतो नकाशा. त्यावरच्या प्रत्येक चौकटीत एक मोठा आणि एक छोटा आकडा छापलेला असतो. मोठा 6 आणि छोटा 4 म्हणजे त्या चौकटीतली कुठलीही टेकडी किंवा मनोरा 6,400 फुटांच्या वर नाही. मंद दिव्यात तो आकडा वाचायचा आणि डोंगराकडे वळण्याआधी विमानतळाच्या दिव्यांवरच घिरट्या घालत त्याहून वर चढायचं. वर ढग असतील, तर इंजिन सुरू करण्याआधी फोनवरून परवानगी मागायची आणि ती येईपर्यंत धावपट्टीशेजारी थांबून राहायचं.