घसादुखी बरी झाली, तरी औषध पूर्ण करा

हवा बदलली की घराघरांत घसा खवखवू लागतो. मग दुकानातून चार-सहा अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायच्या, दोन दिवस घ्यायच्या आणि बरे वाटले की उरलेल्या डब्यात टाकायच्या, हे सर्रास चालते. यात गरज नसताना औषध पोटात जाते आणि गरज असते तेव्हा ते पुरेसे जात नाही.

बहुतेक वेळा घसा विषाणूंमुळे दुखतो. नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे ही त्याची लक्षणे. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, विश्रांती आणि ताप असल्यास पॅरासिटामॉल एवढ्यावर हा त्रास साधारण आठवड्यात ओसरतो.

मुलांच्या घसादुखीत मात्र सुमारे २० ते ३० टक्के वेळा कारण असते ‘स्ट्रेप्टोकोकस’ हा जीवाणू. एकाएकी ताप चढणे, गिळताना कळ येणे, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरट ठिपके येणे, जबड्याखालच्या गाठी दुखणे आणि खोकला नसणे, अशी लक्षणे असतील तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. घशातील स्राव तपासून खात्री करता येते.

हा घसा औषधाविनाही काही दिवसांत बरा वाटतो. खरा धोका त्यानंतरचा. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ होतो. जीवाणूंशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत हे अधिक आढळते. सांध्यांची सूज उतरते, पण हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. कित्येकदा हे कळते ते थेट तरुणपणी, दम लागू लागल्यावर. स्त्रियांच्या बाबतीत कधी गरोदरपणात.

हे टाळणारे औषध जुने आणि स्वस्त आहे. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन डॉक्टरांच्या सल्ल्याने, घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत सुरू केले तर हा आजार बहुधा टळतो. पोटातून घ्यायचा कोर्स साधारण दहा दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले, तरी तो अर्धवट सोडू नये. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगावे. दुसरी औषधे आहेत.

श्वास घेताना त्रास, लाळही न गिळता येणे, तोंड न उघडणे किंवा घशात राखाडी पडदा दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.