खिडकीवरील भेग : आधी निदान, मग दुरुस्ती

दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याचे काम निघाले की खिडकीवरच्या भिंतीतील भेगेकडे लक्ष जाते. रंगारी लांबी भरून ती बुजवितो, वर रंगाचे दोन हात देतो आणि भिंत पुन्हा गुळगुळीत दिसू लागते. वर्ष उलटत नाही तोच त्याच जागी तीच भेग पुन्हा उमटते. केलेला खर्च वाया गेल्याचे घरमालकास वाईट वाटते. परंतु खरी हानी निराळीच असते. भेग ही व्याधी नसून लक्षण आहे, आणि लक्षण झाकले गेल्याने मधल्या काळात व्याधी वाढतच राहते.

भेग खिडकीवरच का पडते?

भिंतीतून खाली उतरणाऱ्या भाराला खिडकीच्या पोकळीपाशी वळसा घ्यावा लागतो. विटा सांधेमोड साधून रचलेल्या असल्याने पोकळीवर कमानीसारखा आधार निर्माण होतो व बराचसा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. मधल्या त्रिकोणी भागाचे वजन मात्र लिंटेलला, म्हणजे खिडकीवरील आडव्या तुळईला, पेलावे लागते. खिडकी १.२ मीटर रुंद असेल तर हा त्रिकोण सुमारे एक मीटर उंच धरला जातो. लिंटेल वाकले, किंवा त्याची टोके दोन्ही बाजूंच्या भिंतींवर किमान १५० मिलिमीटर टेकलेली नसली, तर विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी भेगा वर चढतात.

कारण कसे ओळखावे?

प्रथम भेगेजवळचा थोडा गिलावा काढून पाहावा. भेग गिलाव्यापुरतीच असेल तर ती बहुधा गिलावा सुकताना आकसल्यामुळे पडलेली असते. तिची चिंता नको. लिंटेलच्या खालच्या कडेने आडवी भेग, तांबूस डाग आणि सुटलेले पोपडे दिसल्यास आतील सळई गंजली आहे असे समजावे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होऊ शकते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. छज्ज्यावर साचणारे पाणी हे याचे नेहमीचे कारण होय.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाशी अधिक रुंद असलेली भेग पाया खचल्याची सूचना देते. विदर्भ, मराठवाडा, माळवा व उत्तर कर्नाटकातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेथे अशा भेगा ऋतूप्रमाणे कमीअधिक होतात, दारे-खिडक्याही अडकू लागतात. वरच्या मजल्यावर छताच्या लगत आडवी भेग असेल, तर उन्हाने स्लॅब प्रसरण पावत असल्याचा संशय घ्यावा.

भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी २५' या पुस्तिकेनुसार एक मिलिमीटरहून कमी रुंदीची भेग बारीक, एक ते दोन मिलिमीटरची मध्यम व त्याहून मोठी ती रुंद होय. तथापि रुंदीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, भेग थांबली आहे की वाढत आहे? भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवावी. भिंत हलल्यास काच तडकते. शक्यतो उन्हाळा व पावसाळा दोन्ही सरेपर्यंत निरीक्षण करावे. भेग झपाट्याने वाढत असल्यास मात्र न थांबता स्थापत्य अभियंत्यास बोलवावे.

दुरुस्ती

थांबलेली बारीक भेग खरवडून, धुऊन, ओली करून भरावी. त्यासाठी एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू असे मिश्रण उपयुक्त ठरते. जादा सिमेंटचा माल अधिक मजबूत होईल हा समज चुकीचा आहे. तो जास्त आकसतो आणि पुन्हा तडकतो. भेग रुंद असेल तर फुटलेल्या विटा बदलाव्यात आणि दर पाच-सहा थरांवर प्रबलित काँक्रीटचे ठोकळे बसवून दोन्ही बाजू सांधून घ्याव्यात.

गंजलेल्या लिंटेलचे काम गवंड्यावर सोपवून चालत नाही. वरच्या भिंतीला व स्लॅबला टेकू दिल्याशिवाय चौकट किंवा लिंटेल काढणे जिवावर बेतू शकते. सळईची किती झीज झाली हे पाहून तिला गंजरोधक लेप द्यावा की लिंटेलच नवे घालावे, हे अभियंत्याने ठरवावे. पाया खचत असेल तर आधी पाण्याचा निचरा, गळकी नळजोडणी व पाया यांकडे पाहावे. भिंतीची पाळी शेवटी.

खरेदीपूर्वी

जुने घर कर्ज काढून घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बँकेसाठी होणारे मूल्यांकन प्रामुख्याने मालमत्तेची किंमत ठरविण्यासाठी असते; ते बांधकामाच्या मजबुतीचे प्रमाणपत्र नव्हे. सर्व भिंती जुन्या आणि खिडक्यांवरचाच रंग ताजा असेल, तर विक्रेत्यास कारण विचारावे आणि स्वतंत्र अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. पाहणीचे शुल्क घराच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते. कर्जाचे हप्ते मात्र वर्षानुवर्षे फेडायचे असतात, आणि तेवढा काळ ते घरही उभे राहायला हवे.