माशी आणि दुर्बीण : एका रायफलीच्या दोन नजरा

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. या खेळात दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं असतं आणि नेमबाज त्याच्यापासून ५० मीटर दूर असतो. तरीही स्वप्नीलच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ती बसवायला नियमच परवानगी देत नाही. ज्याला चष्म्याचा नंबर आहे त्याला तेवढी दुरुस्ती करणारी काच चालते, पण चित्र मोठं करून दाखवणारी भिंगं चालत नाहीत.

सोलापुरात कॉलेजच्या एनसीसीमध्ये 'पॉइंट टू-टू' (.२२) रायफल हाती घेतलेल्या मुलामुलींची ओळखही याच साध्या नजरेशी होते : मागे खाच किंवा भोक, पुढे माशी आणि त्यापलीकडे निशाण. पुढे ज्यांचा हात बसतो आणि जे रेंजवर नियमित जाऊ लागतात, त्यांना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. रायफलीवर दुर्बीण बसवली, तर माशी काढून टाकावी की दोन्ही ठेवाव्यात? माझं उत्तर आहे, दोन्ही ठेवाव्यात. मात्र एका वेळी एकच वापरावी, आणि शिकताना आधी माशी.

माशी काय शिकवते

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे रिमफायर जातीचं काडतूस. यात ठिणगी देणारं मिश्रण बुडाच्या मधोमध नसतं, ते कडेच्या पोकळ घडीत भरलेलं असतं. घोड्याची पिन त्या कडेवर आपटते. गोळी साधारण २.६ ग्रॅम शिशाची. निशाणाची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडी मंद ठेवतात, सेकंदाला सुमारे ३३० मीटर. धक्का जवळजवळ नाही आणि काडतूस तुलनेनं स्वस्त, म्हणून जगभरातली माणसं नेमबाजी शिकतात ती याच काडतुसावर.

माशीची अडचण डोळ्याची आहे. मागची खाच, पुढची माशी आणि दूरचं निशाण, तिन्ही एकदम स्पष्ट पाहणं डोळ्याला जमत नाही. म्हणून नजर माशीवर ठेवायची आणि निशाण किंचित धूसर दिसू द्यायचं. मागे खाचेऐवजी बारीक भोक असलं, म्हणजे पीप असलं, की काम सोपं होतं. बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, आणि डोळा आपोआप भोकाच्या मध्यभागी प्रकाश शोधतो. स्पर्धेच्या रायफलीत पुढेही माशीच्या जागी कडं असतं. गोलात गोल आणि त्यात काळं निशाण, एवढंच पाहायचं.

इथे चूक किती महाग पडते, ते साध्या त्रैराशिकानं कळतं. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यामधलं अंतर ८० सेंटिमीटर असेल आणि माशी मध्यापासून केसभर, म्हणजे ०.१ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सहा मिलिमीटरहून जास्त सरकते. हेच अंतर ४० सेंटिमीटर असेल तर चूक दुप्पट होते. माशी शिस्त शिकवते ती अशी. गाल, खांदा, श्वास आणि बोट रोज त्याच जागी आले नाहीत, तर निशाणाचा कागद लगेच सांगतो.

दुर्बीण काय देते

दुर्बिणीत निशाण आणि आतली फुली एकाच प्रतलात दिसतात, त्यामुळे डोळ्याची ओढाताण संपते. चाळिशीनंतर ज्यांना माशी धूसर दिसू लागते, त्यांना खेळात टिकवून ठेवणारी ही गोष्ट आहे. दुसरा फायदा शिकणाऱ्याचा. चारपट मोठ्या चित्रात स्वतःच्या हाताची थरथर आणि छातीचे ठोके फुलीच्या हालचालीत दिसतात. कोणती काडतुसं आपल्या नळीला मानवतात हे तपासायलाही दुर्बीणच बरी, कारण डोळ्याची चूक हिशेबातून वजा होते.

दुर्बीण निवडताना ती रिमफायरसाठी आहे ना, हे पाहावं. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बहुधा १०० मीटरच्या आसपास जुळवलेल्या असतात. अशी ३२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण ५० मीटरवर वापरली आणि डोळा मध्यावरून ढळला, तर नुसत्या त्या दृष्टिभेदानं आठ मिलिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं आहे, हे लक्षात घ्या. रिमफायरच्या दुर्बिणी म्हणूनच ५० यार्डांच्या आसपास जुळवतात.

दोन्ही एकत्र, पण कसं?

पॉइंट टू-टू रायफलीच्या माथ्यावर बहुधा ११ मिलिमीटरची खाचपट्टी असते, तिच्यावर दुर्बिणीच्या कड्या बसतात. माशी शाबूत ठेवून दुर्बीण बसवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग उंच कड्यांचा. दुर्बिणीखाली बोगदा राहतो आणि त्यातून माशी दिसते. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण इथे दोन तोटे आहेत. गाल दस्त्यावर टेकवला की माशी दिसते. दुर्बिणीसाठी तो उचलावा लागतो, आणि अधांतरी गालानं रोज तीच जागा सापडत नाही. दुसरा तोटा उंचीचा. गोळी निघते नळीतून आणि नजर जाते तिच्या वरून. ५० मीटरवर झीरो केलेल्या, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवलेल्या रायफलीची नजर नळीपेक्षा २ सेंटिमीटर वर असेल, तर १० मीटरवर गोळी जवळजवळ नेमकी लागते. नजर ४ सेंटिमीटर वर असेल तर ती सव्वा सेंटिमीटर खाली लागते, आणि ६ सेंटिमीटर वर असेल तर पावणेतीन सेंटिमीटर खाली.

दुसरा मार्ग तिरप्या माशीचा. माशी आणि पीप ४५ अंशांत बाजूला बसवतात आणि रायफल कलती करून पाहतात. वेगाच्या खेळात याचा उपयोग आहे. पण ज्या खेळात कलण्यालाच दोष मानतात, तिथे ही सवय नको. सरळ धरायची रायफल ५ अंश कलली, तर ५० मीटरवर गोळी बाजूला सुमारे एक सेंटिमीटर जाते.

तिसरा मार्ग मला सर्वांत पटतो. दुर्बीण शक्य तितकी खाली बसवायची, मागची खाच घडी होणारी किंवा पीप काढता येणारी ठेवायची, आणि दुर्बीण झटपट काढता येईल अशा कड्यांवर लावायची. नजर बदलली की कागदावर पाच गोळ्यांचा ग्रुप घेऊन झीरो तपासायचा. माशीचा आणि दुर्बिणीचा झीरो, नजर सरकवणाऱ्या चकतीच्या क्लिकसह, वहीत वेगवेगळा लिहून ठेवायचा. कड्यांचे स्क्रू दर वेळी सारख्याच ताकदीनं आवळायचे. आदळून दुर्बीण हलली किंवा काच धुरकट झाली, तर माशी हाताशी असते.

सोलापूरच्या हवेत या व्यवस्थेला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बीण ती थरथरही मोठी करून दाखवते. निशाण पाण्यात असल्यासारखं हलतं. त्या दिवसांत कमी पटीची दुर्बीण, पहाटेची वेळ किंवा सरळ माशी बरी. काळ्या मातीची बारीक धूळ काचेवर बसली, तर ती फुंकणीनं उडवावी. रुमालानं पुसली तर ओरखडे पडतात.

पॉइंट टू-टू रायफल लहान दिसली तरी १९५९च्या शस्त्र कायद्याखाली तिला परवाना लागतो. सोलापूर शहरात तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो. ती निशाणाच्या कागदासाठी आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरच्या काळविटांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं छत्र आहे, आणि ते प्रत्येक नेमबाजानं मनापासून मानलं पाहिजे.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, ५९७ गुणांसह सुवर्ण जिंकलं, तेही पीप आणि कड्यातून पाहूनच. म्हणून घरातल्या मुलीनं किंवा मुलानं या खेळाचा हट्ट धरला, तर पहिलं वर्ष दुर्बिणीवर पैसे घालू नका. चांगला प्रशिक्षक, चांगली पीप आणि भरपूर काडतुसं, यांवर ते खर्च करा. हात बसल्यावर दुर्बीण आणा, आणि तिचं काम सरावापुरतं ठेवा : हाताची थरथर दाखवणं आणि काडतुसं पारखणं. स्पर्धेच्या दिवशी ती पेटीत ठेवून पीप लावायची आहे, हे पहिल्या दिवसापासून मुलांना सांगा.