दवाखान्याचे बिल कशाने वाढते?

घरात कुणी आजारी पडले की पहिला प्रश्न येतो, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचे? लगेच दुसरा येतो, पैसे कुठून आणायचे? मग बचत गटातून उचल, सोयाबीनच्या भरवशावर उधारी, नाहीतर गळ्यातली पोत गहाण. दिग्रसच्या कोणत्याही वस्तीत हे नवे नाही. पण हा खर्च केवळ आपल्या नशिबाचा भाग नाही. तो का होतो, याचा अभ्यास महाराष्ट्रातल्याच संशोधकांनी केला आहे.

रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात घरोघरी आजारपणाच्या खर्चाची पाहणी केली. ती 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी आरोग्य केंद्रे असूनही बहुतेक आजारांत लोक खासगी डॉक्टरकडे जातात आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरतात, हे त्यातून दिसले. पुढे डॉ. अनंत फडके आणि सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात औषधांचा अभ्यास केला. गरज नसलेली औषधे आणि इंजेक्शने यांवर बराच पैसा वाया जातो, हे त्यांनी मांडले. साध्या तापात 'सुई द्या' असा आग्रह आपणच धरतो, हेही इथे आठवावे.

तिसरे काम डॉ. अरुण गद्रे यांचे. लासलगावात अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या डॉक्टरांनी 78 डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची' हे त्यांचे पुस्तक. डॉ. अभय शुक्ला यांच्यासोबतचे इंग्रजी पुस्तक 2016 मध्ये आले. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, नको असलेल्या तपासण्या, टाळता येणाऱ्या शस्त्रक्रिया हे सारे डॉक्टरांनीच सांगितले. म्हणजे सगळे डॉक्टर वाईट नाहीत; व्यवस्था प्रामाणिक डॉक्टरालाही अडचणीत आणते.

सरकारी आकडेही बोलके आहेत. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च, बाळंतपण सोडून, सरकारी रुग्णालयात सुमारे 4,290 रुपये आणि खासगीत 27,347 रुपये होता. 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील प्रत्येक 100 रुपयांपैकी 39 रुपये लोकांनी थेट खिशातून दिले.

मग आपण काय करावे?

एक, आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या व उपचार मोफत आहेत. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, म्हणून तिथले शुल्क आधी विचारून घ्या.

दोन, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पण फक्त यादीतील आजारांसाठी आणि योजनेत असलेल्या रुग्णालयातच. भरती होतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन 'आरोग्यमित्रा'ला भेटा. बिल झाल्यावर धावून उपयोग नसतो. मदत क्रमांक 155388. लक्षात ठेवा, रोजची बी.पी., साखरेची औषधे यात येत नाहीत. संसाराला हळूहळू पोखरणारा खर्च तोच आहे. त्यासाठी सरकारी दवाखाना किंवा जनऔषधी दुकान गाठा.

तीन, नागपूर-वर्ध्यासारख्या ठिकाणी मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जावे लागले तर विचारा. कायद्याने तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

चार, 2021 च्या राज्य नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी. दिसली नाही तर मागा. तपशीलवार बिल घ्या. बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही.

योजनेचे कार्ड पेटीत ठेवून भागत नाही. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी यासाठी नेमा. शेजारच्याला भरती करताना तो सोबत गेला, तर एखाद्या घरची पोत गहाण पडायची वाचेल.