पेन्शनचा लढा: अमेरिकेतील अग्निशामकांकडून काय शिकावे?

अमेरिकेत अनेक अग्निशामकांना स्थानिक पेन्शन मिळते. पण जोडधंद्यातून वर्गणी भरून कमावलेली 'सोशल सिक्युरिटी'ची रक्कम १९८३ च्या तरतुदीने कमी होई. जोडीदाराच्या खात्यावरून मिळणाऱ्या रकमेलाही १९७७ च्या तरतुदीने कात्री लागे.

निवृत्त अग्निशामक, पोलीस आणि शिक्षक संघटित झाले. वर्षानुवर्षे ते आपापल्या खासदारांना गाठत राहिले. २०२४ मध्ये २१८ खासदारांनी सह्या केल्या, तेव्हा अडकलेले विधेयक मतदानाला आले. ५ जानेवारी २०२५ रोजी कायदा झाला आणि दोन्ही कपाती रद्द झाल्या.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. कायद्याने, नियमाने गेलेला हक्क तिथूनच परत आणावा लागतो. त्यासाठी मोर्चासोबत विधेयक वाचणारे, आमदाराला जाब विचारणारे तरुणही हवेत. बाबासाहेबांनी दिलेल्या संघटनेच्या मंत्राचा आजचा अर्थ हाच.

जय भीम!