एक संगणक, दोन डोकी

हिंजवडीला नोकरी करणारी कन्या संध्याकाळी घरी येऊन म्हणते, “आज दिवसभर आम्ही दोघी एकाच संगणकावर बसलो होतो.” आई काळजीने विचारते, “अगं, कचेरीत यंत्रं कमी पडली की काय?”

आईची शंका अगदीच वावगी नाही. पगार दोन आणि काम एक! पण यंत्रे पुष्कळ असतात. ही कामाची रीतच आहे. एकीने कळफलक चालवायचा, दुसरीने शेजारी बसून चूक हेरायची, पुढचे वळण सांगायचे. एक चालक, दुसरी वाटाड्या; आणि थोड्या थोड्या वेळाने जागांची अदलाबदल.

केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे या रीतीचा बोलबाला झाला. तशी ती जुनीच. १९६० साली ॲमस्टरडॅमला डायक्स्ट्रा आणि झोनेव्हेल्ड या जोडीने अल्गॉल ६० या संगणकीय भाषेचा कंपायलर मिळून लिहिला. काम फत्ते होईपर्यंत दाढी करायची नाही, असा दोघांचा पण! काम झाल्यावर झोनेव्हेल्डने दाढी उतरवली. डायक्स्ट्राने मात्र राखली.

आता हिशेब. १९९९ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पहिल्या कामाला जोड्यांचे मिळून एकट्यापेक्षा सुमारे ६० टक्के तास अधिक लागले; सवय झाल्यावर हा जादा खर्च १५ टक्क्यांवर आला, आणि चुकाही जवळपास तितक्याच टक्क्यांनी कमी निघाल्या. मग नफा कुठे? शिंप्याला विचारा. कापड बेतताना चूक दिसली तर खडूची रेघ पुसली की झाले. कोट शिवून गिऱ्हाइकाच्या अंगावर गेल्यावर दिसली, तर सगळा उसवावा लागतो.

खरा खर्च मात्र वहीत मांडता येत नाही. नवख्या मुलीशेजारी एखादे वाकबगार गृहस्थ बसले, की ती मान डोलावत राहते. समजले नाही असे म्हणायची चोरी! मग दोन पगारांत डोके एकच चालते, आणि शिकायला बसलेली मुलगी नुसती बघ्या होते. वाटाड्याला विचारायची मुभा नसेल, तर ती खुर्ची रिकामी ठेवलेली काय वाईट? शिवाय सोप्या, सरावाच्या कामाला दोघे जुंपणे ही निव्वळ उधळपट्टीच.

आणि जोडी जमली तरी आठ तास मनातला प्रत्येक विचार मोठ्याने बोलायचा, तोही कुणाच्या तरी नजरेखाली, म्हणजे थोडीथोडकी दमछाक नव्हे. तेव्हा घरी आलेली कन्या तासभर कुणाशी बोलली नाही, तर आईने मनाला लावून घेऊ नये. चहाचा कप पुढे ठेवावा आणि प्रश्न जेवणाच्या वेळेला राखून ठेवावेत.