‘वात’ आणि सांधेदुखी : एका शब्दाचा व काही रोगांचा विचार

भाषेच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या या पत्रिकेत सांधेदुखीसारख्या विषयावर लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु रोग्याचे दुखणे वैद्यापर्यंत प्रथम पोहोचते ते शब्दरूपानेच. आणि सांधेदुखीच्या बाबतीत एका दोन अक्षरी मराठी शब्दाने फार मोठा घोटाळा करून ठेविला आहे. तो शब्द म्हणजे ‘वात’. या एका शब्दाच्या पोटात कोणते निरनिराळे विकार दडलेले असतात, ते रोग्याच्याच बोलण्यावरून कसे ओळखू येऊ शकतात, आणि त्यांवर आज कोणते उपाय उपलब्ध आहेत, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो एका चुकीमुळे. ती चूक प्रथम सांगणे इष्ट होईल.

बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर वसलेले आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी वऱ्हाड मध्य प्रदेशात होते, तर पलीकडचा भोकरदनचा मुलूख हैदराबाद राज्यात मोडत असे. त्यामुळे येथील बोलीवर वऱ्हाड व मराठवाडा या दोहोंचा ठसा आहे. एकाच घरात कोणी ‘टोंगळा’ म्हणतो, तर कोणी ‘गुडघा’. या सीमाबोलीचे नमुने टिपण्यासाठी मी आमच्या आत्याबाईंकडे जात असे. त्या वेळच्या माझ्या वहीत त्यांचे एक वाक्य आहे : “सकाळच्या पारी मूठ मिटत नाही रे बाबा, उन्हं वर आली म्हणजे हात मोकळे होतात.” मी ‘सकाळच्या पारी’ या प्रयोगाखाली रेघ ओढली आणि पुढे गेलो. घरातील सर्व जण त्यास ‘वात’ म्हणत होते, मीही म्हणत होतो. चार वर्षांनी आत्याबाईंची बोटे करंगळीच्या दिशेस कलली, तेव्हा त्या वाक्यात रोगाचे निदान जवळजवळ पूर्णपणे सांगितलेले होते, हे मला कळले. भाषेचा अभ्यासक म्हणून मी प्रत्येक शब्द ऐकला होता. अर्थ तेवढा ऐकला नव्हता.

१

‘वात’ हा शब्द आयुर्वेदातील त्रिदोषांच्या कल्पनेतून आलेला आहे. शरीरातील गती, चलनवलन, रूक्षता यांचा संबंध वाताशी जोडला जातो, आणि तो बिघडला म्हणजे वेदना उत्पन्न होते असे मानले जाते. तथापि सर्व सांधेदुखी एकच आहे, असे प्राचीन ग्रंथकारांनी म्हटलेले नाही. चरकसंहितेत वातव्याधी आणि वातरक्त यांची चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत सांगितलेली असून, माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे प्रकरण वेगळे आहे. म्हणजे शास्त्रकारांनी केलेला भेद व्यवहाराच्या भाषेने पुसून टाकला, असे म्हणावयास हरकत नाही. ‘संधिवात’, ‘आमवात’, ‘वातरक्त’ या तिन्ही शब्दांतील विशेषक अवयव गळून पडला आणि शेष राहिला तो केवळ ‘वात’.

हा प्रकार केवळ मराठीतच घडला असे मात्र नव्हे. ‘ऱ्हुमॅटिझम’ या शब्दाच्या मुळाशी ‘वाहणे’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दूषित रस वाहत जाऊन सांध्यात साठतो, अशी तेथील जुनी कल्पना होती. ‘गाउट’ हा शब्द ‘थेंब’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. तेथेही नाव पडले ते कल्पिलेल्या कारणावरून. फरक एवढाच की, तेथील वैद्यांनी एकोणिसाव्या शतकात या नावांची फोड केली. आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १८४८ साली गाउटच्या रोग्यांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले दाखविले, आणि १८५९ साली त्याहून भिन्न असलेल्या सांध्यांच्या विकारास ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव सुचविले.

आता व्याकरणाकडे वळू. ‘वाताने धरले’, ‘वात भरला’, ‘वात आहे’ या प्रयोगांत ‘वात’ हा कर्ता किंवा कारण म्हणून येतो. कारण सापडले की प्रश्न थांबतो, ही मनाची रीतच आहे. वास्तविक येथे कारण सापडलेले नसते. वेदनेलाच दुसरे नाव दिलेले असते. नामाच्या या सोंगामुळे पुढची चौकशी खुंटते. उलट क्रियापदे आणि कालवाचक शब्द बोलणाऱ्याच्या अनुभवाशी प्रामाणिक राहतात. आखडणे, ठणकणे, चमकणे, कळ येणे, करकर वाजणे, सुजणे हे पर्याय नव्हेत. प्रत्येकाचे क्षेत्र निराळे आहे. म्हणून रोग्याच्या वाक्यातील नाम बाजूस ठेवून क्रियापद पाहावे, आणि क्रियापदाबरोबर वेळ पाहावी.

२

या दृष्टीने तीन प्रमुख विकारांचे स्वरूप पाहू.

पहिला विकार झिजेचा. “उठताना कळ येते, पायऱ्या उतरताना जीव जातो, चालताना गुडघा करकर वाजतो, बसले की बरे वाटते,” अशी याची भाषा असते. येथे वेदना हालचालीबरोबर वाढते आणि विश्रांतीने कमी होते. सकाळी सांधा आखडतो, परंतु बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा पातळ होते, कडेने हाड वाढते व भोवतालचे स्नायू दुबळे होतात. यास वैद्यकात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. वय, वजन, जुनी दुखापत, स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरचा काळ, आणि उकिडवे बसून वा ओझे वाहून केलेले वर्षानुवर्षांचे श्रम ही त्याची कारणे होत. ज्या मुलखात निंदणी-खुरपणी, चूल आणि पाण्याचे हंडे यांत स्त्रियांचे आयुष्य गेले, तेथे हा विकार सर्वत्र आढळावा यात नवल नाही.

दुसरा विकार सांध्याच्या अस्तराच्या दाहाचा. “सकाळी मूठ मिटत नाही, तासा-दोन तासांनी हात मोकळे होतात, काम केले तर उलट बरे वाटते,” ही त्याची भाषा. वेळेचा क्रम येथे पहिल्याच्या अगदी उलट आहे. दोन्ही हातांची लहान बोटे, मनगटे, पायांच्या चवड्यांचे सांधे जोडीने सुजतात; थकवा व बारीक ताप असतो. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे हा विकार होतो. तो वृद्धांचाच आहे असे नव्हे. तिशी-चाळिशीतही तो सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. गॅरॉडने नाव दिले ते यासच. मराठीत डॉक्टर यास बहुधा आमवात म्हणतात. निदानासाठी रक्ताच्या तपासण्या आहेत. परंतु त्या निर्दोष आल्या म्हणजे रोग नाही असे होत नाही, कारण काही रोग्यांत त्या नकारात्मक राहतात.

तिसरा विकार गाउटचा. “रात्रीतून अंगठा सुजला, लाल झाला, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना,” असे रोगी सांगतो. येथे प्रारंभच आकस्मिक असतो. रक्तातील यूरिक आम्लाचे सूक्ष्म स्फटिक सांध्यात साठून हा दाह उसळतो. तो पुरुषांत अधिक असून, मद्य, अति मांसाहार, मूत्रपिंडाचे दौर्बल्य व काही औषधे त्यास कारण होतात.

या विकारांचे परस्पर प्रमाण ध्यानात घेण्याजोगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ‘कॉपकॉर्ड’ या योजनेखाली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर पाहणी झाली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी शेकडा १८ जणांनी हाडे, सांधे वा स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली; झिजेचा विकार शेकडा सहाच्या आसपास, तर आमवात शेकडा अर्धा आढळला. म्हणजे ‘वात’ म्हणून कण्हणाऱ्या सुमारे छत्तीस माणसांत आमवाताचे एखादेच. पस्तिसांस घरगुती धीर पुष्कळदा पुरतो. त्या एका व्यक्तीस मात्र तोच धीर घातक ठरतो. एका शब्दाने छत्तिसांस एका रांगेत बसविल्याचा हा परिणाम होय.

३

या तिघांखेरीज आणखी काही प्रसंग ओळखले पाहिजेत. साथीच्या तापानंतर महिनोन् महिने राहणारी सांधेदुखी आता आपल्याकडे परिचित झाली आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आणि २००६ साली महाराष्ट्रभर चिकुनगुन्याची साथ आली. हे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतील असून ‘वाकवून टाकणारे’ असा त्याचा आशय आहे. १९५२ सालच्या टांगानिकातील साथीच्या वेळी ते वैद्यकात आले. आपल्याकडे त्याचे ‘चिकनगुनिया’ झाले आणि कोंबडी खाल्ल्याने हा रोग होतो अशी समजूत पसरली. त्याच वर्षी नवापूर येथे कोंबड्यांवर बर्ड फ्लूचे संकट आलेले असल्याने या लोकव्युत्पत्तीस बळ मिळाले असावे. वस्तुतः हा रोग डासांमुळे पसरतो. कोंबडी सोडून पाण्याची टाकी उघडी ठेवणाऱ्यास त्या व्युत्पत्तीचा काहीच उपयोग झाला नसता.

एकच सांधा अचानक सुजून गरम झाला व सोबत थंडीताप आला, तर सांध्यात पू होण्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घसा दुखून गेल्यानंतर मुलाचे सांधे आळीपाळीने सुजू लागले तर त्यास ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडू नये. ऱ्हुमॅटिक तापात सांधे बरे होतात, परंतु हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.

४

उपायांचा विचारही विकारानुसारच करावयास हवा. झिजेच्या विकारात पहिले औषध म्हणजे व्यायाम. दुखणाऱ्या गुडघ्यास पूर्ण विश्रांती दिली तर मांडीचे स्नायू अधिकच दुबळे होतात. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, काही क्षण ताठ धरावा व सावकाश खाली आणावा, एवढा साधा व्यायाम नित्य केला तरी फरक पडतो. वजन एक किलो घटले, तर चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे अभ्यासान्ती दिसून आले आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उकिडवे बसणे टाळावे, शेक घ्यावा, लावण्याचे वेदनाशामक मलम वापरावे. पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ मनानेच घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय होतो. हे सर्व करूनही चालणे अशक्य झाले तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. २०१७ साली केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्याने तो भाग पूर्वीपेक्षा स्वस्त झाला.

आमवातात मात्र वेळ हेच सर्वस्व आहे. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचविता येतात; एकदा वाकलेले हाड औषधाने सरळ होत नाही. यातील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. येथे पुन्हा भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘एक वेळ’ हे शब्द रोग्याने ‘रोज एक वेळ’ असे समजून घेतले तर ते प्राणघातक होऊ शकते. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून घ्यावे. रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी, आणि गरोदरपणात हे औषध वर्ज्य मानावे. गाउटमध्ये तीव्र झटक्यावर एक आणि यूरिक आम्ल कायम ताब्यात ठेवण्यासाठी दुसरे, अशी दोन निराळी औषधे असतात. झटका ओसरला म्हणून दुसरे औषध सोडणे ही नेहमीची चूक होय.

एक इशारा देणे अगत्याचे आहे. ‘वातावरची हमखास पुडी’ म्हणून जी बिननावाची भुकटी विकली जाते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. १९४८ साली फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनचा प्रयोग आमवाताच्या रोग्यावर केला, तेव्हा अंथरुणास खिळलेली माणसे उठून चालू लागली. १९५० साली त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पुडीचा गुण येतो तो यामुळेच. परंतु वैद्याच्या देखरेखीवाचून दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड हाडे ठिसूळ करते, रक्तातील साखर वाढविते, आणि एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

५

आत्याबाईंचा उपचार आता चालू आहे. सूज उतरली, सकाळचा ताठरपणा पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आला. कललेली बोटे तशीच राहिली आहेत. “वात हाये, जाईल,” असे त्या आजही म्हणतात. परंतु सोमवारची गोळी चुकवीत नाहीत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण बोलींच्या अभ्यासासाठी खेडोपाडी जातात, आणि वृद्ध स्त्रियांशी तासन् तास बोलतात. गावातील डॉक्टरासही इतका वेळ क्वचितच मिळत असेल. निदान करणे हे आपले काम नव्हे, आणि ते करू नये. परंतु दुखण्याविषयी कोणी बोलू लागले तर दोन प्रश्न विचारण्यास आपणांस कोणती हरकत आहे? सकाळी किती वेळ आखडते? आणि काम केल्याने वाढते की कमी होते? उत्तर ‘तासाहून अधिक’ आणि ‘कमी होते’ असे आले, तर वहीत रेघ ओढण्यापूर्वी त्या माणसास जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे जाण्यास सांगावे. प्रस्तुत लेखकाने ते चार वर्षे सांगितले नाही.